बाबांच्या नावावरचा गॅस

१२ जून २०२५, गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते आणि मी पुण्यात ऑफिसातच होते. साताऱ्याहून आईचा फोन आला, "अगं, नवीन टाकी लावलीय आणि वास येतोय. शेगडी तर बंद आहे."

आई एकटी राहते. बाबांना जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि टाकी बदलणं हे कायम त्यांचं काम. आईनं ते शिकून घेतलं होतं, पण प्रत्येक वेळी तिला भीती वाटायची. मी विचारलं, कसला आवाज येतोय का? म्हणाली, "सुंईऽ असा बारीक येतोय." त्याच क्षणी तिचा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला होता. हे मला नंतर कळलं आणि आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. वास आला की पंखा लावावा असं आपल्या सगळ्यांच्या हाताला वाटतं. पण बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते आणि गॅस कोंडलेल्या खोलीत तेवढी पुरते. मी फक्त एवढंच ओरडले होते, "कुठलंच बटण दाबू नकोस, चालू असेल ते चालू राहू दे." नशिबानं ते तिच्या कानावर वेळेत पडलं.

रेग्युलेटरचा खटका बंद करून तिनं तो काढला आणि आवाज थांबला. मग दार, खिडक्या, गॅलरी सगळं सताड उघडलं. टाकीच्या तोंडावर बसवायचं प्लास्टिकचं टोपण शोधायला गेली तर ते नव्हतंच. दोरीला लोंबकळणारं ते टोपण स्वयंपाक करताना मध्ये येतं म्हणून तिनं टाकी आली त्याच दिवशी कापून टाकलं होतं. खालच्या मजल्यावरचे काका आपल्या टाकीचं टोपण घेऊन धावत आले, ते दाबून बसवलं आणि दोघांनी मिळून टाकी गॅलरीत नेली. आईला जिन्यात बसवून काकांनीच तिथून १९०६ ला फोन लावला. हा गॅसगळतीचा तातडीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो आणि कुठल्याही कंपनीचा गॅस असला तरी हाच.

पलीकडचा माणूस शांतपणे विचारत होता. ग्राहकाचं नाव? आईनं बाबांचं नाव सांगितलं. नोंदणी केलेला मोबाईल? तोही बाबांचा, मार्चमध्ये बंद केलेला. पत्ता? आईनं गोडोलीचा सांगितला. नोंदीत होता मंगळवार पेठेतला, आम्ही २०११ साली सोडलेल्या भाड्याच्या घराचा. शेवटी जुन्या पावतीवरचा ग्राहक क्रमांक सापडला तेव्हा तक्रार लिहून घेतली गेली. साडेआठला मेकॅनिक आला. त्यानं बॅटरीच्या उजेडात टाकीच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आतला वायसरच चिरलाय." बांगडीसारखी काळी, करंगळीच्या टोकावर मावेल एवढी रबरी चकती. ती नीट नसली की रेग्युलेटर लावल्यावर गॅस कडेनं बाहेर येत राहतो. नवी चकती बसवून, साबणाचं पाणी लावून त्यानं खात्री केली. जाताना दारात थांबून तो जे बोलला, त्यामुळेच पुढचं सगळं घडलं. "काकू, कनेक्शन काकांच्या नावावर, पत्ता पेठेतला. देव न करो, पण काही झालं तर विमा कोणाच्या नावानं मागणार?"

मला तोवर विमा असतो हेच माहीत नव्हतं. नोंदणीकृत घरगुती ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी अपघात विमा उतरवलेला असतो आणि त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका दुर्घटनेत मिळून जास्तीत जास्त ३० लाख. घराचं नुकसान झालं तर २ लाखांपर्यंत, पण ते नोंदणी केलेल्या पत्त्यावरच्या घराचं. चाळीस-पन्नास लाख मिळतात असे जे मेसेज फिरतात त्यांवर विसंबू नका. आमच्यासाठी महत्त्वाचं होतं ते पत्त्याचं. आईचं घर कागदावर त्या कनेक्शनचं घरच नव्हतं.

१४ जूनला, शनिवारी, स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. घरी पोचल्यावर आधी बाबांचं कपाट उघडलं. त्यांनी प्रत्येक गोष्टीची फाईल ठेवली होती. पाठीवर त्यांच्याच अक्षरात "गॅस" लिहिलेली फाईल काढली तर वर पिनांनी टाचलेल्या पावत्या आणि सगळ्यात खाली, चौघडी घातलेला, कडा तपकिरी झालेला कागद. १९८९ सालचं सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे आपण कंपनीकडे डिपॉझिट भरून टाकी आणि रेग्युलेटर घेतल्याचा पुरावा. आई तो हातात घेऊन बराच वेळ बसली. नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली, टाकी आली त्या दिवशी पेठेतल्या शेजारणी कशा बघायला आल्या, रॉकेलचा स्टो माळ्यावर कसा गेला, सगळं बोलली. मला घाई होती, पण ते ऐकायला हवं होतं. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल न रडता बोलत होती.

हा कागद तुमच्या घरात कुठे आहे ते आजच बघून ठेवा. तो हरवला असेल तरी काम होतं, पण त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

दुपारी एजन्सीत गेलो. खिडकीवरच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, वारसाचं फार किचकट आहे. हे बंद करा आणि आईंच्या नावानं नवीन घ्या, दोन दिवसांत देतो." त्यानं हिशोबही मांडला. एका टाकीचं डिपॉझिट २२०० रुपये, आमच्याकडे दोन टाक्या म्हणजे ४४००, रेग्युलेटरचे २५०, शिवाय शेगडीही त्यांच्याकडचीच घ्यावी लागेल. जुनं बंद केल्यावर १९८९ सालचं तीन आकडी डिपॉझिट परत मिळणार. मी दमले होते आणि पैशांनी सुटत असेल तर सुटू दे असं वाटून जवळजवळ हो म्हणत होते. आईनं माझा हात दाबला. "त्यांच्या नावावरचं बंद नाही करायचं. माझ्या नावावर करायचं," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी एकच काम केलं, पण ते फार उपयोगी पडलं. मोबाईल नंबर बदलून घेतला. नाव बदलण्याशी त्याचा संबंध नाही आणि ते अर्ध्या तासात होतं. घरी टाकी देताना चार आकडी कोड सांगावा लागतो, तो नोंदलेल्या मोबाईलवर येतो. आमचा कोड तीन महिने बंद नंबरवर जात होता आणि टाकी केवळ ओळखीवर मिळत होती. बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो, मग आपला कोड त्याच्या हातात. घरातलं कोणी गेलं की बाकी सगळं सावकाश करा, पण त्यांचं सिम बंद करण्याआधी ते कुठे कुठे जोडलंय ते बघा. गॅस त्यात नक्की असतो.

सोमवारी कंपनीच्या १८००२३३३५५५ या नंबरवर बोलले. तिथल्या बाईंनी न कंटाळता समजावलं. ग्राहक वारला तर कनेक्शन कायदेशीर वारसाच्या नावावर होतं, नवीन डिपॉझिट लागत नाही, जुन्या पावतीवरचंच पुढे चालतं. शेगडी एजन्सीकडूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, ती आयएसआय मार्कची असली म्हणजे झालं. हे वहीत उतरवून घेतलं आणि पुन्हा खिडकीवर बोलायला लागेल म्हणून तक्रार क्रमांकही मागून घेतला.

कागद जमवायला तीन आठवडे गेले. मृत्यूचा दाखला नगरपालिकेकडून आधीच घेतलेला होता. मी दहा प्रती काढून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या वर्षभरात कुठे ना कुठे लागल्या. आईचं आधार होतं, मूळ व्हाउचर होतं, गॅसचं निळं पुस्तक होतं. अडलं ते पत्त्याच्या पुराव्यावर. आईच्या आधारवर अजून पेठेतला पत्ता आणि वीजबिल बाबांच्या नावावर. एका नावासाठी दुसरं नाव बदला, त्यासाठी तिसरं, अशी ती साखळी. दोन दिवस मला काही सुचेना. मग आठवलं की फ्लॅट दोघांच्या नावावर घेतलेला होता. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत चालते का ते एजन्सीत फोन करून विचारलं, ते हो म्हणाले. वीजबिलाचं काम त्यामुळे मागे पडलं, ते अजून चालूच आहे.

राहिली आम्हा दोघा भावंडांची संमती. दादा बेंगळुरूला असतो. इथे माझी एक चूक झाली. एजन्सीकडून नमुना न घेताच मी नोटरीकडे गेले आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं संमतिपत्र करून दिलं. स्टॅम्प पेपर ५०० रुपयांचा, कारण ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही. नोटरीचे २००. दादाला स्पीड पोस्टनं पाठवलं, सही होऊन परत आलं आणि एजन्सीत म्हणाले, यात ग्राहक क्रमांक नाही आणि ‘गॅसची उपकरणे आईच्या ताब्यात आहेत’ हे वाक्यही नाही. पुन्हा ५००, पुन्हा २००, पुन्हा पोस्ट. नऊ दिवस वाया. आधी नमुना मागा, त्याचा फोटो काढा आणि शब्दाला शब्द तसाच करून घ्या.

५ जुलैला आईला घेऊन गेले. तिनं स्वतः यायला हवं होतं, कारण आधार पडताळणी तिथेच करायची होती. दुपारी तीननंतर गेलो, तेव्हा खिडकीवर गर्दी नसते. सकाळी दहा ते बारा चुकूनही जाऊ नका.

बोटांचे ठसे घ्यायचं छोटं यंत्र टेबलावर होतं. आईनं उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, लाल. यंत्रापाशी बसलेल्या पोरानं ओल्या फडक्यानं बोटं पुसायला सांगितलं, दहाही बोटं झाली, लालच. आईनं हात उलटे करून स्वतःच बघितले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं भाकरी थापून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. "माझी बोटंच राहिली नाहीत का गं," ती हळूच म्हणाली. मला बोलता येईना. त्या पोरालाच कळलं असावं. तो म्हणाला, "मावशी, बोटं नसू द्या, चेहरा आहे ना," आणि आम्हाला दाराशी उजेडात नेलं. मोबाईलवरच्या अॅपनं चेहऱ्यानं पडताळणी होते. चष्मा काढायचा, समोर बघायचं, डोळे मिचकवायचे. दुसऱ्या प्रयत्नात हिरवी खूण आली. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांना आवर्जून सांगते, ठसे उमटले नाहीत तर माघारी फिरू नका, चेहऱ्यानं करा असं म्हणा. कंपनीच्या अॅपमधून हे घरीही करता येतं.

जमा केलेल्या प्रत्येक कागदाची पोच मागितली. आधी नाही म्हणाले, मग आमच्याच झेरॉक्सवर शिक्का मारून दिला.

१७ जुलैला, गुरुवारी, आईच्या मोबाईलवर तिच्या नावानं मेसेज आला. पत्ता गोडोलीचा. तिनं मला तो तीनदा वाचून दाखवला. डिपॉझिटमधला फरक आमच्याकडून घेतला नाही. दोन स्टॅम्प पेपर, नोटरी, पोस्ट, झेरॉक्स आणि माझ्या एसटीच्या फेऱ्या मिळून अडीच हजारांच्या आतबाहेर खर्च झाला. त्यातले सातशे माझ्या चुकीचे.

आता एजन्सी. जुनी एजन्सी बदलावी असं मला वाटायला लागलं होतं, पण आईला जुन्या गॅसवाल्याची सवय. मी तिला नीट विचारलं तेव्हा कळलं की तो दुसऱ्या मजल्यावर टाकी आणायचे पन्नास रुपये मागायचा आणि नाही म्हटलं तर खाली गेटपाशी ठेवून जायचा. ती मग वॉचमनला विनवायची. हे तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. पावतीवर जी रक्कम छापलेली असते तीत घरापर्यंत टाकी पोचवणं धरलेलंच असतं, मजला कितवाही असो. उन्हातून आलेल्या माणसाला आपण होऊन चहापाण्याला दहा-वीस रुपये द्यावेत, आई तर पाणी आणि गुळाचा खडा दिल्याशिवाय कोणाला सोडत नाही. पण एकट्या बाईकडून अडवून पैसे घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ते मला सहन झालं नाही.

एकाच कंपनीतली एजन्सी बदलणं सोपं आहे. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अॅपमध्ये आपल्या भागात टाकी पोचवणाऱ्या एजन्सी दिसतात, त्यांच्यापुढे वेळेत पोचवण्यावरून दिलेले तारे असतात. मी ताऱ्यांवर थांबले नाही. सोसायटीतल्या पाच-सहा घरी विचारलं. टाकी किती दिवसांत येते, वजनकाटा बरोबर असतो का, रात्री मेकॅनिक येतो का. दोन घरांनी एकाच एजन्सीचं नाव घेतलं. तिथे स्वतः जाऊन आले. खिडकीजवळ भाव आणि तक्रारीचे नंबर लावलेले होते, आणि वजनाबद्दल विचारल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, "मागा ना, तुमचा हक्कच आहे." माझं तिथेच ठरलं. १९ जुलैला अर्ज केला. जुन्या एजन्सीचा समजूत घालणारा फोन आला, आम्ही ठाम राहिलो. शुल्क काही नाही, टाक्या त्याच, डिपॉझिट तेच. नव्या एजन्सीत एकदा जाऊन पुस्तकात नोंद करून घेतली. कंपनीच बदलायची असेल तर मात्र जुन्या ठिकाणी टाक्या जमा करून नव्या ठिकाणी डिपॉझिट भरावं लागतं, ते आम्ही केलं नाही.

२ ऑगस्टला पहिली टाकी यायची होती. मी मुद्दाम गेले. आईला सगळं समोर दाखवायचं होतं.

गॅसवाला टाकी खांद्यावर घेऊन आला, घामानं निथळत होता. आईनं पाणी दिलं. मग मी म्हटलं, दादा, दोन मिनिटं थांबा, आईला शिकवायचंय. तो हसून म्हणाला, "शिकवा की, मीच दाखवतो." आणि त्यानं खरंच सगळं दाखवलं.

आधी सील. प्लास्टिकचं आवरण फाटलेलं नाही ना, एवढं बघायचं. पण सील धड आहे म्हणजे सगळं धड आहे असं नाही, आमची जूनमधली टाकीही सीलबंदच होती. मग तारीख. टाकीच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. इंग्रजी ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. आमच्या टाकीवर सी २८ होतं, म्हणजे सप्टेंबर २०२८ ला या टाकीची पुढची चाचणी. गॅस तेव्हा खराब होतो असं नाही, टाकीचं लोखंड तपासायची ती मुदत आहे. ती उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही.

मग वजन. त्याच पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. प्रत्येक टाकीचं वेगळं असतं. आमचं १५.९ किलो. त्यात गॅसचे १४.२ मिळवायचे, झाले ३०.१. त्यानं ताणकाट्याला टाकी अडकवून उचलली. काटा तिसावर आणि वर एका बारीक रेघेवर थरथरत थांबला. आई डोळे बारीक करून बघत होती. शे-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त कमी असेल तर टाकी परत करायची. आईनं कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, "३०.१" लिहिलं.

शेवटी त्यानं सील काढलं, टोपण काढलं आणि टाकीच्या तोंडात दोन थेंब पाणी टाकलं. बुडबुडा आला नाही. बॅटरी मारून आईला वायसर दाखवला, गोल, काळा, अख्खा. "मावशी, हा दिसला पाहिजे. नाही दिसला तर टाकी ठेवून घ्यायची नाही." मग आईनं कोड सांगितला. हा क्रम लक्षात ठेवा. आधी सगळं बघायचं, मग कोड. कोड दिला म्हणजे टाकी मिळाली असं मान्य केलं. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली असतील.

टोपण मात्र आता तिनं कापलेलं नाही. दोरीसकट ठेवलंय.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. दादा आला होता, म्हणून त्याच दिवशी एजन्सीच्या मेकॅनिकला घरची तपासणी करायला बोलावलं. ही तपासणी पाच वर्षांतून एकदा करून घ्यायची असते. आमच्याकडची शेवटची कधी झाली याची पुस्तकात नोंदच नव्हती. २३६ रुपये घेतले, पावती दिली. नारिंगी नळीवर छापलेली मुदत त्यानं बोटानं दाखवली, २०२१ मध्ये संपलेली. शेगडीकडच्या टोकाला ती कडक झाली होती आणि वाकवल्यावर बारीक चिरा दिसत होत्या. नवी १९० रुपयांना बसली. आत तारेची जाळी असलेली, पाच वर्षं मुदतीची. मुदत संपेल तो महिना दादानं तिथल्या तिथे ओट्याखालच्या दाराच्या आत मार्करनं लिहून ठेवला.

टाकी ओट्याखालच्या बंद कपाटात होती. दिसायला छान, २०१९ मध्ये मॉड्युलर किचन केलं तेव्हाची. मेकॅनिक म्हणाला, हे बरोबर नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो. कपाट बंद असेल तर तळाशी साचतो. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून कंपनीच त्यात वास मिसळते, पण तो कपाटात कोंडला तर नाकापर्यंत येणार कसा? सुतार बोलावून दाराच्या खालच्या कडेला जाळीची दोन भोकं पाडून घेतली, ६०० रुपये. फ्रीज शेजारीच होता, तो बाहेरच्या खोलीत हलवला, कारण तो आपोआप चालू-बंद होताना त्याच्या आत ठिणगी पडू शकते. आईला हे आवडलं नाही. दुधासाठी चार पावलं जास्त पडतात. पण ऐकलं.

आणखी एक सवय मेकॅनिकनं मोडायला लावली. गॅस संपत आला की आई टाकी आडवी करायची, दोन दिवस जास्त जाते म्हणून. साताऱ्यातच नव्हे, मी पुण्यातही कित्येक घरांत हे पाहिलंय. उभ्या टाकीत खाली पातळ गॅस असतो आणि वर वाफ, नळीत वाफ जाते. आडवी केली की पातळ गॅसच नळीत शिरू शकतो आणि त्याची वाफ होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो. शेगडीची ज्योत एकदम उसळते. गरम पाण्यात टाकी ठेवणंही नको. दोन दिवसांच्या गॅसासाठी एवढी जोखीम घेऊ नये.

आईचं नाक आता पूर्वीसारखं तिखट नाही, म्हणून मी गॅसगळतीचा अलार्मही आणला. दुकानदार तो दाराच्या वर लावायला निघाला होता. जड गॅससाठी तो जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर लागतो, हे त्याला सांगावं लागलं.

नंतर मी मुद्दाम साताऱ्याला गेले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गॅस संपला. आईनं फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला आणि मला नुसतं ऐकत राहायला सांगितलं. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग देव्हाऱ्यातलं निरंजन शांत करून आल्याचं तिनं सांगितलं. टोपण ओढल्याचा फट् आवाज. "वायसर आहे." रेग्युलेटर खाली बसल्याचा खट्. मग पाण्याचा, वाटीत साबण फेसल्याचा. बराच वेळ काहीच ऐकू येईना, मी श्वास धरून बसले होते.

"बुडबुडा नाही गं," आई म्हणाली. "ठेव आता. चहा टाकते."